पुरानंतर सगळं पीव्हीसी केलं, आता घरात तान्हं बाळ येणार: काय ठेवू, काय काढू?

होऊ घातलेली आजी

नमस्कार मंडळी. मी बडोद्याला समा भागात तळमजल्यावर राहते. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री चढली तेव्हा आमच्याकडे कमरेपर्यंत पाणी होतं. पार्टिकल बोर्डाचं किचन चहात बुडवलेल्या टोस्टासारखं फुगलं, पाणी ओसरल्यावर हाताने तुकडे पडत होते. दिवाण, पुस्तकांचं कपाट, गाद्या, सगळं रस्त्यावर काढून ठेवलं. त्यानंतर सोसायटीत जवळजवळ प्रत्येकाने एकच ठरवलं: पुन्हा पाणी आलं तर पुसून वापरता येईल असंच सामान घ्यायचं. म्हणून किचनची कपाटं पीव्हीसी शीटची केली. आतल्या खोलीत भिंतीला ओल होती, तिथे पीव्हीसीचे पॅनल लावले आणि जुन्या लाद्यांवर लाकडासारखा दिसणारा विनायलचा रोल चिकटवून घेतला. दिसायला छान, पुसायला सोपं.

आता लेक सातव्यात माहेरी येतेय, पहिलंच बाळंतपण. तिला आतलीच खोली द्यायची आहे आणि त्या खोलीत अजून वास येतो. जावईबापूंनी एक व्हिडिओ पाठवलाय, त्यात एक गृहस्थ प्लास्टिक म्हणजे विष, आज रात्रीच घराबाहेर काढा, असं ओरडून सांगतात. आमचा मिस्त्री म्हणतो, "कंई नथी थतुं, बेन" (काही होत नाही, ताई). ह्यांचं म्हणणं, एवढा खर्च झालाय, आता विषय काढू नकोस. मला दोन्ही टोकं नकोत. कुणाला खरंच माहीत असेल तर सांगा. सगळं काढणं परवडणार नाही, आणि लाकडाचं करायचं तर पुढच्या पुराची भीती आहेच.

लिलो चिवडो

काकू, बडोद्यात राहून प्लास्टिकची भीती? या शहरात कितीतरी घरांचे हप्ते प्लास्टिकच्या दाण्यावर फिटलेत. आमचं अख्खं लहानपण पावसाळी प्लास्टिकच्या चपलांत आणि प्लास्टिकच्या दप्तरात गेलं. काही झालं नाही.

मांडवीकर

काही झालं नाही हे कोणी तपासलं रे? चष्मा, थायरॉइड आणि सकाळच्या शिंका, हे तुझंच मागच्या धाग्यातलं रडगाणं आहे. (प्लास्टिकमुळे झालं असं म्हणत नाहीये, पण "काही झालं नाही" हेही म्हणू नकोस.) दाण्याची गोष्ट निघालीच आहे तर जुना दाणा काकांना बोलवा कुणीतरी.

जुना दाणा

आलो. माझी नोकरी जवाहरनगरला, आयपीसीएलमध्ये. १९६९ साली निघालेली सरकारी कंपनी, २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली. पॉलिमरवर, म्हणजे प्लास्टिकच्या कच्च्या मालावर, माझं घर चाललं, तेव्हा माझं मत त्याच्या बाजूने झुकत असेल असं धरूनच वाचा.

पीव्हीसी म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. मूळची पांढरी पावडर, वजनाने जवळजवळ ५७ टक्के क्लोरीन. ती नुसती तापवली तर पिवळी, मग काळी पडते, म्हणून तीत स्टॅबिलायझर घालावाच लागतो. स्वभावाने ती कडक. पाइप, खिडकीची चौकट, तुमच्या कपाटाची शीट, भिंतीचं पॅनल हे कडक पीव्हीसी. टेबलावरचं पारदर्शक कव्हर, बाथरूमचा पडदा, रेक्झिन आणि जमिनीवरचा रोल हे मऊ पीव्हीसी. मऊ करण्यासाठी तीत तेलासारखा द्रव मुरवतात, त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. तोही चिमूटभर नसतो, खूप मऊ मालात वजनाच्या तीस-चाळीस टक्क्यांवर जातो. तो पॉलिमरला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता आत असतो. त्यामुळे वर्षानुवर्षं थोडा थोडा बाहेर येत राहतो. जुनं टेबल कव्हर ताठ होऊन तडकतं ते याच कारणाने. बाहेर पडलेला द्रव थोडा हवेत जातो, बराचसा घरातल्या धुळीला चिकटतो.

स्वस्त मालात हा द्रव वर्षानुवर्षं थॅलेट या जातीचा असायचा, त्यातही डीईएचपी. शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात म्हणून यांच्यावर जगभर मर्यादा आल्या. आणि धूळ सगळ्यात जास्त कोणाच्या पोटात जाते? जो जमिनीवर राहतो आणि हात तोंडात घालतो त्याच्या.

म्हणून ताई, माझं पहिलं बोट जमिनीवरच्या रोलकडे. किचनची कपाटं त्यानंतर, आणि तीही वेगळ्या कारणाने. ते सांगतो संध्याकाळी, आत्ता नातवाला शाळेतून आणायचंय.

ॲम्स्टरडॅमची सून

माहेर दांडिया बाजार, म्हणून नाक खुपसते. काका म्हणतात त्या मर्यादा इथे अशा आहेत: डीईएचपी, डीबीपी, बीबीपी आणि डीआयबीपी हे चार थॅलेट, त्यातले पहिले तीन आधी मुख्यतः खेळण्यांत आणि बाळांच्या वस्तूंत बंद होते. जुलै २०२० पासून युरोपीय संघात घरात वापरायच्या बहुतेक सगळ्या वस्तूंना तोच नियम लागला, चौघे मिळून वजनाच्या ०.१ टक्क्याच्या आत. फरशीचा रोलही त्यात येतो. आपल्याकडे खेळण्यांना २०२१ च्या जानेवारीपासून आयएसआय मार्क सक्तीचा झाला आणि थॅलेटची चाचणी त्या मानकांत आहे. पण काकू, रोल "खेळणं" म्हणून विकला जात नाही. मूल मात्र दिवसभर खेळणार त्याच्यावरच.

इथल्या दुकानात रोलच्या मागच्या बाजूला "थॅलेटमुक्त" छापलेलं असतं. तुमच्या रोलच्या मागे काय आहे बघा.

होऊ घातलेली आजी

कोपरा उचलून बघितला. मागे राखाडी रंग आणि एक फुलाचं चित्र. बाकी काही नाही.

लिलो चिवडो

नियम वाचले. पण त्याने खरंच आजार होतात याचा पुरावा काय? युरोपवाले उद्या हळदीलाही बंदी घालतील.

ओपीडीनंतर

बालरोगतज्ज्ञ आहे, रावपुऱ्यात बसतो. पुरावा आहे, पण कोणत्या दर्जाचा तेही सांगतो.

स्वीडनमध्ये २००४ साली सुमारे ४०० मुलांच्या झोपण्याच्या खोल्यांतली धूळ तपासली होती. ज्यांच्या खोलीत बीबीपी जास्त, त्या मुलांत सर्दी-शिंका आणि इसब जास्त. डीईएचपी जास्त तिथे दमा जास्त. त्याच देशात नंतर असंही दिसलं की ज्या तान्ह्यांच्या खोलीत पीव्हीसीची फरशी आहे त्यांच्या लघवीत बीबीपीचे अवशेष जास्त सापडतात. म्हणजे फरशीतला माल बाळाच्या अंगात पोचतो, एवढं पक्कं. गरोदरपणाचा भाग वेगळा. २००५ मध्ये अमेरिकेत, आईच्या लघवीत थॅलेटचे अवशेष जास्त असतील तर मुलग्यांच्या जननेंद्रियांच्या वाढीत बारीक फरक दिसतो, असं निघालं.

हे सगळे संबंध आहेत. अमुक रोल लावला म्हणून अमुक बाळाला दमा झाला, असं कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. पण जी गोष्ट काढायला फारसा त्रास नाही आणि जिच्यावर बाळ रांगणार आहे, ती काढायला मी याहून जास्त पुरावा मागणार नाही.

आता प्लास्टिक सोडून दोन शब्द, कारण माझ्या खुर्चीतून धोक्यांचा क्रम वेगळा दिसतो. बाळाची दुपटी, झबली ट्रंकेतून काढणार असाल तर त्यात डांबराच्या गोळ्या होत्या का ते बघा. जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला त्या वासाच्या कपड्यांनी रक्तपेशी फुटून जबर कावीळ होऊ शकते, मेंदूवर जाईल इतकी. मच्छरची कॉइल: एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाले होते. मच्छरदाणी लावा. आणि धुरी. मला माहीत आहे आज्या ऐकत नाहीत, पण शेगडीवर ओवा-बाळंतशोपा टाकून खोली कोंडायची आणि मग विनायलच्या वासाची चिंता करायची, हे मला पटत नाही.

होऊ घातलेली आजी

डॉक्टर, धुरीवर आमचं भांडण होणार असं दिसतंय. गोळ्यांचं मात्र माहीत नव्हतं, आजच ट्रंक उघडून सगळं धुवायला काढते.

फर्निचरवाला, मकरपुरा

माझा धंदा हाच, त्यामुळे मिस्त्रीची बाजू मांडतो. पुरानंतर समा, अकोटा, मुजमहुडा इथली किती किचनं आम्ही बदलली विचारू नका. गिऱ्हाईक स्वतः सांगायचं, प्लाय नको, एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) तर नकोच.

वासाबद्दल बोलतो. नवीन किचनमध्ये जो डोक्यात जाणारा वास येतो तो बहुतेक शीटचा नसतो, पिवळ्या चिकटाचा असतो, सिंथेटिक रबरवाला, त्यात टोल्युइनसारखी सॉल्व्हंट असतात. कडेला भरलेल्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो त्यातल्या ॲसिटिक ॲसिडचा. हे दोन्ही दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या, पंखा चालू ठेवला, की आठवड्यांत उडून जातात. घाईचं काम करून दारं बंद केली की कपाटाच्या पोटात साचतात. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, खण लगेच भरू नका, सगळी दारं सताड उघडी टाका.

आणि लाकडाचं म्हणजे शुद्ध, हेही डोक्यातून काढा. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ ज्या गोंदाने दाबतात त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटतं. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणारं म्हणून वरच्या यादीत टाकलं. ई-१ किंवा ई-० शिक्क्याचा बोर्ड मागितला तर कमी सुटतं, पण किती जण मागतात? काकूंचं पहिलं किचन पार्टिकल बोर्डाचंच होतं, तेव्हा धागा काढला नव्हता.

मांडवीकर

म्हणजे नाकाला जे जाणवतं ते उडून जाणारं, आणि जे वर्षानुवर्षं निघत राहतं त्याला वासच नाही?

जुना दाणा

बरोब्बर पकडलंस. थॅलेटना वास जवळजवळ नाही. म्हणून "आता वास गेला, काळजी मिटली" आणि "वास येतो म्हणजे विष" ही दोन्ही अनुमानं कच्ची.

आता कपाटांचं राहिलेलं. कडक शीटमध्ये प्लॅस्टिसायझर नसतो किंवा नगण्य असतो. तिथे प्रश्न स्टॅबिलायझरचा. पूर्वी कडक पीव्हीसीत शिशाचे क्षार सर्रास घालायचे, स्वस्त आणि कामाला चोख. युरोपातल्या कारखानदारांनी ते २०१५ पर्यंत सोडले, कॅल्शियम-झिंककडे वळले. आपल्याकडे २०२१ साली केंद्राने नियम काढले, पण त्यांच्या नावातच "पाइप आणि फिटिंग" आहे. शीट आणि पॅनल त्यात नाहीत. त्यात भंगारातून आलेला दाणा मिसळला असेल तर मूळ वस्तू काय होती, जुना पाइप, वायरचं आवरण की आणखी काही, देव जाणे. दुकानदार "व्हर्जिन" (भंगार न मिसळलेला) म्हणेल. कागद दाखवा म्हणा.

पण घाबरण्याआधी हे ऐका. शिसं शीटच्या आत धरलेलं असतं. कपाटाला हात लावून ते अंगात जात नाही. करवत चालली, भोकं पाडली, घासलं, की त्याची भुकटी होते आणि ती भुकटी धूळ बनून घरभर बसते. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही आणि पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात. म्हणून लेक आल्यावर त्या कपाटांत एकही नवं भोक नको. हँडल बदलायचं, जाळी बसवायची, काय ते आत्ता करून घ्या, शीट अंगणात नेऊन कापायला लावा, आणि मग सगळं घर ओल्या फडक्याने पुसा. झाडू नका, झाडूने फक्त उडतं.

खात्रीच करायची असेल तर शीटचा तुकडा अहमदाबादला सिपेटकडे (प्लास्टिकची सरकारी संस्था) चाचणीला देता येतो. एका किचनसाठी कोणी जात नाही, पण सोसायटीतल्या सगळ्यांनी एकाच दुकानातून माल घेतला असेल तर खर्च वाटून घ्या.

ॲम्स्टरडॅमची सून

काकू, एक विचारू? तो आतल्या खोलीचा वास कधी जास्त येतो? दुपारी ऊन तापल्यावर, की पाऊस पडून गेल्यावर?

होऊ घातलेली आजी

नीट विचार केला. उन्हाळ्यात एवढा नव्हता. पावसाळा लागला की येतो, सकाळी दार उघडलं की एकदम. जुन्या गोणपाटासारखा वास.

ओपीडीनंतर

काकू, हा प्लास्टिकचा वास नाही. पॅनलच्या मागे बघा.

फर्निचरवाला, मकरपुरा

डॉक्टर बरोबर बोलतायत. पुराचं पाणी प्यालेली भिंत वाळायला महिनोन् महिने लागतात, विटेच्या भिंतीला तर जास्तच. लोकांना घाई होती, दिवाळीच्या आत घर दिसायला हवं होतं. ओल्या भिंतीवर पट्ट्या ठोकून पॅनल चढवले की मागे हवा नाही, ओल तिथेच. खालची स्कर्टिंगची पट्टी क्लिपवर असते, स्क्रू नसेल तर पातळ पट्टीने उचकटून निघते. मिस्त्रीला बोलावण्याआधी स्वतः बघा, म्हणजे तो "कंई नथी" म्हणू शकणार नाही.

होऊ घातलेली आजी

ह्यांनी पट्टी काढली. टॉर्च मारला. खालच्या वीतभर भागात काळं-हिरवं, भिंतीवर आणि पॅनलच्या पाठीवरही. हात लावला तर ओलं. वास तोच, दहा पट.

म्हणजे इतके दिवस आम्ही खोलीत रूम फ्रेशनर मारत होतो.

ओपीडीनंतर

दम्याच्या बाबतीत माझं या घरातलं सगळ्यात मोठं काळजीचं ठिकाण हेच. ओल आणि बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला, श्वासात घरघर, दमा जास्त होतो, यावर जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे. इथे थॅलेटच्या तुलनेत पुरावा भक्कम आहे. पॅनल काढा, आणि लेक यायच्या आधी काढा. काढताना खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, तोंडाला एन-९५ मास्क. कोरडं घासू नका, बीजाणू उडतात. आधी साबणाच्या पाण्याने भिजवा, मग पुसा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा फिनेल-बिनेल काही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

भिंत उघडीच राहू द्या. पोपडे दिसतील, दिसू देत. बारशाच्या फोटोत मागे साडी लावा.

लिलो चिवडो

बारशाची साडी. डॉक्टर, हे प्रिस्क्रिप्शनवर लिहून द्या.

माझा मुद्दा तरी शाबूत आहे ना, की प्लास्टिक निर्दोष?

मांडवीकर

पॅनल कशाचं होतं रे? भिंतीला श्वास घेऊ दिला नाही तो प्लास्टिकनेच. विषारी नसून नडलं, एवढंच.

कामाटीबाग

या धाग्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांचं कुणीच बोललं नाही. माझ्याकडे आइस्क्रीमचे रिकामे डबे, लोणच्याच्या प्लास्टिक बरण्या, मिठाईचे डबे असा सगळा संसार आहे. त्रिकोणातला आकडा बघून घ्यायचं ना? ५ म्हणजे चांगलं, ३ म्हणजे वाईट?

जुना दाणा

तो आकडा १९८८ साली अमेरिकेत निघाला तो भंगार वेगळं करायला. १ पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, ७ म्हणजे उरलेलं सगळं. आरोग्याचे गुण नाहीत ते. पण कुठलं किती ताप सोसतं ते त्यावरून कळतं. पेट सत्तरेक अंशांना मऊ पडतं, म्हणून पाण्याच्या बाटलीत गरम पाणी ओतलं की ती आकसते. कडक पीव्हीसी ऐंशीच्या आसपास. (ताई, शेगडीला लागून असलेल्या कपाटाचं दार वाकलंय का बघा, तिथे स्टीलचा पत्रा लावून घ्या.) पॉलिप्रॉपिलीन १६० ला वितळतं, उकळत्या पाण्याला टिकतं.

टिकतं याचा अर्थ काहीच सोडत नाही असा नाही. २०२० मध्ये आयर्लंडच्या ट्रिनिटी कॉलेजवाल्यांनी पॉलिप्रॉपिलीनच्या दुधाच्या बाटल्यांत ७० अंशांच्या पाण्याने पावडरचं दूध बनवायच्या रीतीने बाटली हलवली. लिटरमागे सुमारे एक कोटी साठ लाखांपर्यंत सूक्ष्म कण निघाले. पाणी जितकं गरम तितके जास्त. त्याच वर्षी खरगपूरच्या आयआयटीत कागदी कप तपासले. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो ना, १०० मिली गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं तर सुमारे २५,००० कण.

कोरडी डाळ, रवा, पोहे प्लास्टिकच्या डब्यात असले तर माझी झोप उडत नाही. गरम, आंबट आणि तेलकट, हे तीन शब्द लक्षात ठेवा. लोणचं या तिन्हीतल्या दोहोंत बसतं. चिनी मातीची बरणी काढा माळ्यावरून. आइस्क्रीमचा डबा एकदाच वापरायला बनवलेला असतो, त्यात गरम आमटी भरून शेजारी पाठवू नका.

ओपीडीनंतर

बाटलीचंच निघालं म्हणून: स्तनपान होत असेल तर बाटली लागतच नाही. वरचं द्यावंच लागलं तर वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं, स्टीलचं किंवा चांदीचं. उकळता येतं, निपलमध्ये दूध साचत नाही, जंतुसंसर्ग कमी. घ्यायचीच झाली तर काचेची घ्या. बीपीए (कडक प्लास्टिकमधलं एक रसायन) असलेल्या बाटल्यांना आपल्याकडे २०१५ च्या मानकाने मनाई आहे, पण "बीपीए-फ्री" छापलंय म्हणून प्लास्टिकची बाटली गरम दूध भरायला निर्धोक होत नाही, वर काकांनी आकडे दिलेच आहेत.

खारी शिंग

तेलकट म्हणालात तर सिंगतेल? १५ किलोचा पत्र्याचा डबा परवडत नाही, दोघंच आहोत. प्लास्टिकच्या पाच लिटरच्या कॅनने काय होईल?

जुना दाणा

ते कॅन एचडीपीईचे, त्यात प्लॅस्टिसायझर नसतो. उन्हात, गॅसजवळ ठेवू नका, एवढं पुरे. एकदा रिकामा झाला की त्यात फिनेल भरा, परत तेल नको.

लिलो चिवडो

आणि सेव-उसळची तर्री? झबल्यात (प्लास्टिकच्या पिशवीत) गरमागरम बांधून आणतो ती?

मांडवीकर

तीनही शब्द बसले. गरम, आंबट, तेलकट. शंभरपैकी शंभर.

लिलो चिवडो

स्टीलचा डबा घेऊन गेलं की तो तर्री कमी घालतो. हा आरोग्याचा प्रश्न नाही का?

ॲम्स्टरडॅमची सून

मला इथे बसून सेव-उसळीचं वाचायला लावताय, हाच मोठा अन्याय आहे.

संचालक

सेव-उसळ कुठली चांगली यावर वेगळा धागा आहे, तिथे आधीच पुरेशी भांडणं चालू आहेत. इथले त्याविषयीचे पाच प्रतिसाद तिकडे हलवले. मूळ प्रश्नाकडे या.

होऊ घातलेली आजी

मंडळी, काय झालं ते सांगते. पॅनल सगळे उतरवले. भिंत डॉक्टर म्हणाले तशी भिजवून पुसली, आता दिवसभर पंखा आणि खिडकी. मिस्त्री आला होता, काळी भिंत बघून थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला प्लास्टर कमरेपर्यंत खरवडून नवं करावं लागेल आणि रंग एवढ्यात नको. तेवढं लेक यायच्या आत होईल म्हणतो. न झालं तर तिला पुढची खोली देईन आणि आम्ही दोघं आत झोपू.

किचन ठेवतेय. शेगडीजवळचं दार खरंच वाकलं होतं, मला वाटायचं बिजागरी सैल झालीय. तिथे पत्रा लागेल. सोसायटीतल्या सहा घरांनी एकाच दुकानातून शीट घेतलीय, तुकडा सिपेटला पाठवायचं बोलणं चाललंय. दोघांना मान्य नाही. त्यांना भीती अशी की शिसं निघालं तर पुढे करायचं काय.

रोल काढतेय. रांगायला आलं की सतरंजी घालीन. जावई म्हणतात ते ए-बी-सी-डीचे रंगीत फोमचे तुकडे आणू का?

ॲम्स्टरडॅमची सून

ते ईव्हीए फोमचे असतात, त्यात थॅलेट नसले तरी फोम फुगवायच्या रसायनातून फॉर्मामाइड उरतं. २०१० मध्ये बेल्जियमने त्या तुकड्यांची विक्री थांबवली, फ्रान्सनेही स्थगित केली होती. आता मर्यादा आहेत. घेतलेच तर खेळण्यांचा आयएसआय मार्क बघून घ्या, आणि खोलून बरेच दिवस गच्चीत सावलीत वाऱ्यावर टाका. पण सतरंजी असताना कशाला? धुता येते, माहेरची वाटते.

होऊ घातलेली आजी

सतरंजीच मग. एकच अडचण आहे. रोल निघाला पण लाद्यांवर गोंद राहिलाय, चिकट, पाय ठेवला की चपला अडकतात. मिस्त्री म्हणतो थिनरने दोन तासांत साफ करून देतो.

जुना दाणा

थिनर नको. त्यात टोल्युइन असतं, बंद खोलीत दोन तास म्हणजे मिस्त्रीचंही डोकं फिरेल आणि लाद्यांच्या सांध्यांत मुरेल ते वेगळं. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गोंदावर टाका, मऊ पडला की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. उरलेल्यावर स्वयंपाकाचं तेल चोळून रात्रभर ठेवा, सकाळी भांड्याच्या साबणाने धुवा. वेळ लागतो, हात दुखतात. जुनं सिमेंट-मोझॅक असेल तर तेलाचा डाग धरेल, आधी पलंगाखालच्या लादीवर करून बघा.

होऊ घातलेली आजी

मोझॅकच आहे. पलंगाखाली करून बघते.

लिलो चिवडो

काकू, रविवारी मी आणि मांडवीकर येतो खरवडायला. पट्ट्या आमच्या, तर्री तुमची. स्टीलच्या पातेल्यात.